दाताच्या खुर्चीत बसण्याआधी लिहून ठेवलेलं

मी दोन रात्री झोपलेले नाही. हे आधी सांगते, कारण आमचे कटिंग मास्तर म्हणतात की मृत्युपत्रात पहिल्यांदा आपलं डोकं ठिकाणावर आहे असं लिहायचं असतं. डोकं ठिकाणावर आहे. डोळे चुरचुरतात. मला कोणी धमकावलेलं नाही, काही पाजलेलं नाही. अक्षर असं आहे ते सहावी अर्धीच झाली म्हणून, घाबरले म्हणून नाही.

झोप न लागायचं कारण असं. उद्या दहा वाजता दातांच्या कॉलेजात माझ्या ब्रिजचं काम सुरू होणार आहे. त्यासाठी सोमवारी एका कागदावर सही घेतली. तिथे घाईत केली आणि घरी येऊन त्याची मला दिलेली प्रत एकेक अक्षर लावत वाचली. त्यात लिहिलंय की इंजेक्शनने चक्कर, सूज आणि 'क्वचित प्रसंगी जिवाला धोका' होऊ शकतो, आणि हे मला नीट समजावून सांगितलेलं आहे. समजावलं असेलही. तेव्हा मी त्या खुर्चीकडे बघत होते. माझी आई अशाच खुर्चीतून उठून घरी आली होती आणि तिसऱ्या दिवशी गेली. आता त्यांच्याकडे माझ्या सहीचा कागद आहे, तर माझ्याकडेही एक असावा. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, कॉलरच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून, मी माझी शेवटची इच्छा लिहिते. याआधी मी असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

मी कोण ते लिहावं लागतं. शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवतो त्या कारखान्यात मी सात वर्षं आहे, खिडकीजवळची मशीन. टाचण्या तोंडात धरून काम करते म्हणून सगळे मला टाचणी म्हणतात. दोन दात गेल्यापासून त्या फटीतून टाचण्या खाली पडतात, तरी नाव तेच आहे. नवरा लिफ्ट दुरुस्तीला जातो. मुलगी साडेतीन वर्षांची, तिला घरात गुंडी म्हणतात. सासूबाई आमच्याकडेच असतात. एक मोठा भाऊ आहे, दादा. त्याचं पुढे येईल.

एक. घर भाड्याचं आहे, ते कोणाला देता येत नाही. बँकेत आहे ते गुंडीचं. किती आहे ते पासबुकात बघा, इथे लिहिलं तर हसाल.

दोन. लोखंडी कपाट सासूबाईंना. मी काल त्यांना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "त्याचं दार लागत नाही."

"लागतं. खालून पाय लावून दाबायचं."

"या वयात मी पाय लावत बसू? आणखी काय ठेवलंस?"

"गुंडी."

"ती माझ्याजवळच असते दिवसभर. तू काय ठेवणार मला!"

मग म्हणाल्या, साक्षीदार म्हणून मी सही करते. मी सांगितलं, मास्तर म्हणतात ज्याला वाटा आहे त्याने साक्ष द्यायची नसते. त्यावर थोडा विचार करून म्हणाल्या, "मग कपाट काढ माझ्या नावावरचं." त्या हल्लीच सही करायला शिकल्या आहेत, म्हणून एवढी हौस. तरी कपाट त्यांनाच द्यावं. पाय नवऱ्याने लावावा.

तीन. माझी मोठी कात्री इस्त्रीवाल्या मावशींच्या सुनेला, ती पुढच्या महिन्यापासून कामावर येणार आहे. तिने त्या कात्रीने कागद कापू नये. कागद कापला तर धार जाते आणि मग कापड चावल्यासारखं कापलं जातं. मशीन मालकाची आहे, पण खिडकीजवळची, पंख्याखालची जागा मी सात वर्षांनी मिळवली आहे. ती बाह्या जोडणाऱ्या बाहीवालीला देऊ नये. तिने माझी बॉबिन दोनदा लपवली आणि वर मलाच शोधायला मदत केली.

चार. मोठं पातेलं नणंदेकडे आहे. ती म्हणते तिचंच आहे. त्याच्या बुडाला एका बाजूने पोचा आहे, तो मी गरोदर असताना ते माझ्या हातून पायरीवर पडलं तेव्हा आलेला. तिने पोचा कसा आला ते सांगावं आणि पातेलं ठेवून घ्यावं. सांगता आलं नाही तर परत द्यावं.

पाच. आता दातांचं. माझे वरचे डावीकडचे दोन दात नाहीत, सुळ्याच्या मागचे. गुंडीच्या वेळी सहाव्या महिन्यात दुखायला लागले. मी कोणत्याही डॉक्टरकडे गेले नाही. लवंग धरली, मीठ धरलं, नवऱ्याचं डोकं धरलं. बाळंतपणानंतर एक दात टोस्टमध्ये निघून आला. दुसरा हलायचा पण पडायचा नाही, तर त्याला चाळीस नंबरचा दोरा दुहेरी बांधून मशीनच्या चाकाला गुंडाळला आणि पायाने एकदा दाबलं. मास्तर समोर उभे होते, ते खाली बसले. नंतर म्हणाले, "टाचणे, मशीनला तेल घाल आता."

फट घेऊन मी तीन वर्षं काढली. हसताना तोंडावर हात ठेवला की झालं. पण गेल्या महिन्यात बघितलं तर गुंडीसुद्धा हसताना तोंडावर हात ठेवते. तिचे सगळे दात जागच्या जागी आहेत. तिला वाटतं हसायचं असंच असतं. म्हणून मी कॉलेजात गेले. नाहीतर गेले नसते, फट काय, भिंतीला पण असते.

तिथे मला एक शिकाऊ डॉक्टर मिळाली. बाविसेक वर्षांची असेल, हातमोज्यात बोटं आणखी बारीक दिसतात. तिने आरशात दाखवून सांगितलं. फटीच्या दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या घालायच्या, आणि त्या टोप्यांना जोडलेले दोन खोटे दात मधल्या जागेत बसतात. चारही एकाच पट्टीत. मी विचारलं, गेलेल्या दोघांसाठी राहिलेल्या दोघांना का घासायचं? ती म्हणाली, "ताई, नाहीतर पूल कशावर उभा राहणार?" मास्तरांना हे सांगितलं तर त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. रफू असंच असतं म्हणाले, भोकाला धरायला काही नसतं, आजूबाजूच्या चांगल्या धाग्यातच सुई घालावी लागते.

उद्या तिची परीक्षा आहे आणि मी तिची परीक्षेची पेशंट आहे. तिथे तसंच असतं, प्रत्येकाने आपापला माणूस आणायचा आणि सरांच्या समोर दात घासून दाखवायचे. आज सकाळपासून तिचे चार फोन आले.

"ताई, उद्या याल ना नक्की?"

"येईन म्हटलं ना."

"नाही, काही जणांचे पेशंट आयत्या वेळी पळून जातात. तुम्ही नाही आलात तर माझं वर्ष जाईल. सकाळी नाश्ता करून या. रिकाम्या पोटी येऊ नका, चक्कर येते."

"तुम्ही करता का नाश्ता?"

"मला उद्या काही जाणार नाही हो."

म्हणजे घाबरलेलीने घाबरलेलीच्या तोंडात सुई घालायची. नवरा म्हणतो, "दात बसवायला चाललीस का सीमेवर?" त्याला सहाव्या मजल्यावर लिफ्टच्या खड्ड्यात वाकायला भीती वाटत नाही, त्यामुळे त्याचं मत धरू नये. त्या मुलीला काही बोलू नये, हे मी इथे लिहून ठेवते. मला काही झालं तर तिला नापास करू नये. मी माझ्या पायाने जाते आहे. ब्रिज अर्धवट राहिला तर माझे घासलेले दात तिला मार्क द्यायला चालत असतील तर चालवून घ्यावेत.

सहा. हे कलम मास्तरांना वाचून दाखवलेलं नाही.

दादाला द्यायला माझ्याकडे वस्तू नाही. त्याचं शटर बसवायचं काम आहे, हत्यारं त्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगली आहेत. पण गुंडीच्या वेळी माझे दात दुखायला लागले तेव्हा तो आला होता. सासूबाईंनी कळवलं असणार. दारातच उभा राहून म्हणाला, "चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ. मी बरोबर थांबतो."

मी म्हणाले, "आईला नेलंस तेवढं पुरे झालं."

त्याने खाली वाकून चपला घातल्या, त्याला बराच वेळ लागला, आणि गेला. तेव्हापासून आला नाही. गुंडीला त्याने अजून बघितलेलं नाही.

आईला त्यानेच नेलं होतं हे खरं आहे. मी अकरा वर्षांची, तो एकोणीसचा. आईचा गाल सुजला होता, सूज मानेपर्यंत उतरली होती, तो तिला सायकलवर मागे बसवून दात काढणाऱ्याकडे घेऊन गेला. दाढ काढली. रात्री ताप चढला, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ठेवली, तिसऱ्या दिवशी संपलं. तेव्हापासून नातेवाईक, शेजारचे, सगळे हेच म्हणत आले की सुजलेली दाढ काढायला नको होती, पोराने घाई केली. त्याने कोणाला उलटून उत्तर दिलं नाही. मीही तेच धरून बसले.

सोमवारी सही करताना मी त्या शिकाऊ मुलीला हे सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, नाही हो, तुम्हाला तसं काही होणार नाही. तिने आधी विचारलं, "दाढ काढायच्या किती दिवस आधी दुखत होतं?"

"आठ दिवस."

"तोंड उघडत होतं त्यांचं? गिळता येत होतं?"

"शेवटचे दोन दिवस नाही. चहा बाहेर यायचा."

ती म्हणाली, "मग पू आधीच गळ्यात उतरला असणार. दाढ काढली म्हणून नाही गेल्या त्या, ताई, उशीर झाला म्हणून. ज्यांनी आणलं त्यांनी बरोबरच केलं. चार दिवस आधी आणलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या."

मी बरं म्हटलं आणि सही केली. कागद न वाचता सही केली ती म्हणून.

आठ दिवस दुखत होतं हे दादाला माहीत नव्हतं. तो तेव्हा दुसरीकडे कामाला होता, आठवड्याने घरी यायचा. घरात मी आणि आई. आईने मला सांगितलं होतं, "दादाला फोनवर काही बोलू नकोस हं, काम सोडून पळत येईल." त्याचा फोन शेजारच्या दुकानात यायचा. तो रोज विचारायचा, आई बरी आहे ना? मी रोज सांगायचे, बरी आहे. आठ दिवसांत चार फोन आले असतील, रोज नाही. पण प्रत्येक वेळी सांगितलं, बरी आहे. एकदा तर आईने आमच्या दारातून खुणेने विचारलं, काय म्हणतो? आणि मी हसून हात हलवला.

तो घरी आला त्याच दिवशी, हातातली पिशवीही खाली न ठेवता, तिला घेऊन गेला.

हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तो तर मला एकदाही विचारायला आला नाही, की तुला काही माहीत होतं का गं. विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही. दोन रात्री हेच चाललंय. त्या कागदातल्या जिवाच्या धोक्याला मी त्यातला निम्माच वेळ देते.

म्हणून दादाला मी हे ठेवते: गुंडीचा दात दुखला, हलला, किडला, काहीही झालं, तर तिला डॉक्टरकडे दादाने न्यायचं. दुसऱ्या कोणी नाही. त्याच दिवशी. तिचे बाबा चिडणार नाहीत, त्यांना मी सांगितलं आहे. ते म्हणाले, "मी काय मेलोय?" मी म्हटलं, "तुम्ही असा की. पण नेईल तो." मग म्हणाले, बरं. सासूबाईंनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गुंडीला विचारलं, "दात बघू तुझे, आ कर." गुंडीने आ केला. चांगले आहेत.

सात. मी परत आले तर हे सगळं रद्द समजावं. सहावं कलम सोडून.

वर लिहिलेलं मी माझ्या हाताने, माझ्या मनाने लिहिलं आहे. दोन ठिकाणी डाग आहे तो मशीनच्या तेलाचा आहे. सहावं कलम साक्षीदारांना झाकून ठेवलं होतं. मास्तर म्हणाले, साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, सही करताना बघावं लागतं. दोघांनी बघितलं.

सही करणार: टाचणी, गुंडीची आई

साक्षीदार पहिला: कटिंग मास्तर (यांनी सहीखाली रेघ पट्टीने मारली)

साक्षीदार दुसरी: इस्त्रीवाल्या मावशी (अंगठा, शाई नव्हती, कापडावर खुणा करायची निळी लावली)

ठिकाण: शिलाई कारखाना, दुसरा मजला, खिडकीजवळ

तारीख: चौदा, बुधवार, जेवणाची सुट्टी संपता संपता

सह्या झाल्यावर लिहिते आहे, म्हणून याला साक्षीदार नाहीत. हा कागद ज्याच्या हाती येईल त्याने माझ्या भावाला फोन लावावा. नंबर माझ्या मोबाईलमध्ये 'दादा शटरवाला' असा आहे, मोबाईल कसा उघडायचा ते गुंडीला येतं. त्याला सांगा, त्याने उशीर केला नव्हता. आठ दिवस मला माहीत होतं आणि मी त्याला 'आई बरी आहे' म्हणत होते. आणि सांगा की गुंडी साडेतीन वर्षांची झाली. मी उद्या धडधाकट घरी येऊन भात खात बसलेली दिसले तरी लावा, मला विचारू नका, माझं तोंड बधिर असेल. काल मी स्वतः तीनदा लावून बघितला. तो हॅलो म्हणतो आणि मग ऐकत राहतो, आणि मी ठेवून देते. तुम्ही ठेवू नका.