दुसरी पसंती

बाई, काल आमच्या गावच्या मंडळाचा अध्यक्ष निवडला, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला सांगावंसं वाटेना. तुम्हाला जाऊन वर्षं लोटली, तरी नागरिकशास्त्र म्हटलं की सफाळ्याच्या शाळेत फळ्याशी तुम्हीच उभ्या दिसता, पदर खोचलेला, माकुणसारच्या तुमच्या वाडीतला सोनचाफा केसांत.

निवडणुकीच्या पद्धतींचा धडा आमच्या डोक्यावरून चालला होता, तेव्हा तुम्ही पुस्तक मिटलंत आणि विचारलंत, "सगळ्यांत चांगली मासळी कुठली?" अंड्यालाही न शिवणाऱ्या तुम्ही! फळ्यावर दोनच नावं लिहिलीत, पापलेट आणि बोंबील. आम्ही किनाऱ्यावरची पोरं खवळलो. ओला बोंबील वेगळा, सुका वेगळा, एका नावावर दोघं कसे? "बाई, तुमाला नाय कळत!" मी ओरडले. तुम्ही निमूट तीन नावं केलीत. हात वर झाले, आणि जिंकलं पापलेट! अर्ध्याहून जास्त वर्ग बोंबलाचा, पण आमची मतं ओल्या-सुक्यात फुटली. "आपली लोकसभा अशीच," तुम्ही म्हणालात. "सगळ्यांत जास्त मतं ज्याला, तो आला. निम्मी लागत नाहीत." मग शेवटच्याला बाद करून पुन्हा हात वर करायला लावलेत, तर सुका बोंबील आला. मग चिठ्ठ्यांवर एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालायला लावलेत. "राष्ट्रपती असे निवडतात. बाद झालेल्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीकडे जातात." आणि काही देशांत पक्षाच्या मतांच्या प्रमाणात जागा देतात, म्हणजे ताटात तिन्ही मासे, ज्याच्या त्याच्या वाट्याने. आम्ही टाळ्या पिटल्या. "थांबा," तुम्ही हसलात, "मीठ किती घालायचं यावर तिघं भांडतील, तेव्हा कळेल." पोरं तीच, जिभा त्याच, नुसती मोजणी बदलली की निकाल बदलतो. माझ्या अंगावर काटा आला होता. आजही लिहिताना येतोय.

आता आमचं ऐका. मी खालच्या आळीची लेक नि वरच्या आळीची सून. मागच्या खेपेला खालच्या आळीतून दोघं उभे राहिले, त्यातला एक माझा धाकटा भाऊ. वरच्या आळीतून एकच, मोठ्या बोटीवाला. देवळापुढे हात वर झाले, आमची आळी दोघांत फुटली आणि बोटीवाला निवडून आला. भाऊ उठला नि म्हणाला, "आमी नाय मानत." त्या शिमग्याला गावात दोन होळ्या पेटल्या. आमच्याकडे होळी म्हणजे गावाचा प्राण, लेकी नि सुना एकाच फेऱ्यात फिरतात. मी कुठल्या होळीला जाणार? ताट सजवलं आणि घरात बसून रडले. भाऊ माझ्या दारावरून जायचा तो मान वळवून. पाठोपाठची भावंडं आम्ही, बाई!

यंदा पुन्हा निवडणूक आली. बोटीवाला उभा, भाऊ उभा, आणि तिसरी पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकणारी वरच्या आळीची मावशी, जिच्या तोंडाला सगळं गाव भितं. बोईसरच्या कारखान्यात दिवसभर हिशेब तपासून आलेली मी, सभेत उभी राहिले आणि म्हटलं, हात नकोत, चिठ्ठ्या करा, पसंतीचे आकडे लिहा. एक काका म्हणाले, "ही काय बोटींची शर्यत हाय, एक दोन तीन लावायला?" सगळे हसले. मीही इरेला पेटले. तुमच्यासारखा पदर खोचला आणि समजावलं. मावशीनेच शेवटी दटावलं, "पोरगी होळी एक करायला बघते, तर दात काय काढता?" मग वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या.

पहिल्या मोजणीत निम्म्यापलीकडे कुणीच गेलं नाही. बोटीवाला पहिला, मावशी दुसरी, आणि माझा भाऊ एका मताने तिच्या मागे. तो बाद. त्याचा चेहरा असा पडला की मी नजर दुसरीकडे वळवली. मग त्याच्या चिठ्ठ्या उलगडायला लागले. मावशी. मावशी. एखादी बोटीवाल्याची, पुन्हा मावशी. बाई, वरच्या आळीत पाणीसुद्धा न पिणारी माणसं ती! त्यांनी गुपचूप तिथल्याच बाईपुढे दोनचा आकडा घातला होता. हे त्यांच्या मनात कधीपासून होतं कोण जाणे. हात वर करायला लावून आम्ही त्यांना ते कधी विचारलंच नव्हतं. मी हात जोडले, देवाला की त्या चिठ्ठ्यांना, सांगता यायचं नाही.

मावशी निवडून आली. भावाने सगळ्यांसमोर तिला नारळ दिला आणि मोठ्याने म्हणाला, "होळी एकच. लाकडं आमी आणतो." सभा उठल्यावर तो माझ्या घरी आला, ओट्यावर बसला, चहा मागितला. बशीत ओतता ओतता म्हणाला, "एका मतानं गेलो गं ताय. एक कोण फिरलं, तेवढं कळलं असतं तर." मी म्हटलं, "साखर बघ, कमी हाय का?"

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ताच नाही, म्हणून लिहिता येतंय. बाई, माझ्या चिठ्ठीवर एकचा आकडा मावशीपुढे होता. भावाला मी दोन दिला.