उजेडाकडची बाजू

८ मार्च
चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच दिवशी कान उपटून घेतले! उभा जन्म रंगाच्या धंद्यात गेला, म्हणून ऐटीत कॅनव्हासवर ब्रश फिरवला. शिकवणारी पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. म्हणते, "काका, भिंत रंगवताय का? डोळे बारीक करा. आधी सावली बघा." समोर खुर्चीत बसलेला दादा हसला. अर्ध्याच तोंडाने — झटका आल्यापासून डावी बाजू ओघळली आहे.

दुकानाचं नवं दालन उघडेल तेव्हा गल्ल्यामागे दादाचं तैलचित्र हवं. माझ्या हातचं! बादल्या उचलत लोकांच्या भिंती रंगवायचो, तिथून इथवर त्यानेच आणलं मला.

१५ मार्च
तेलरंगाचं एक बरं — लवकर वाळत नाही, चूक पुसता येते. नाक पुसून पुसून काढलं. ओठ मात्र एका दमात! पोरगी मागे येऊन उभी. "काका, डावा कोपरा खाली आहे ना? तुम्ही सरळ काढलाय."

"गिऱ्हाइकाला खूश ठेवावं लागतं, बाई!"

ती हसली नाही. दादाने उठून चित्र बघितलं.

१६ मार्च
माझे कान तिखट. धंद्यात त्यांनीच तारलं, आज त्यांनीच घात केला. जिन्यात होतो. आत दादा वहिनीला सांगत होता, एकेक शब्द ओढत — "गल्ल्यावर मी नको त्याला. गिऱ्हाईक बिचकतं. माझं चित्र चालेल. तेही दुरुस्त केलेलं."

"हळू बोला, भाऊजी ऐकतील."

ऐकलं!

झटक्यानंतर दुकानात मीच म्हणालो होतो, "दादा, तू आतल्या खोलीत बस, पंखा आहे." पंखा म्हणे! बाहेरही आहे की पंखा. तेव्हा तो मुकाट्याने आत गेला होता.

१७ मार्च
सुरीने ओठ खरवडले. तोंडाच्या जागी नुसता डाग. जेवण गेलं नाही.

१९ मार्च
धीर करून म्हटलं, "दादा, पुन्हा बसशील? आहेस तसा काढतो."

"बसतो. वर्गात नाही. दुकानात, गल्ल्यावर."

"गिऱ्हाइकांसमोर?" — निघून गेलंच तोंडातून! जिभेला हाड नाही माझ्या.

२० मार्च
दुकानात गेलो तर दादा आधीच गल्ल्यावर. खुर्ची स्वतःच फिरवलेली — डावी बाजू रस्त्याकडे, भर उजेडात.

"मांड तुझं सामान," म्हणाला. "गिऱ्हाईक आलं तर थांबायचं. धंदा आधी."