तटस्थ वाचकाची फूटपट्टी

५ जानेवारी, रविवार. दुपारी ३

लेक अर्ध्या जेवणावरून उठून गेली. मी फक्त एवढंच म्हटलं की तिचा पेपर विकला गेलेला आहे. तिने विचारलं, मग तिथे चार वर्षं उपसंपादक असलेली मी पण विकली गेले का. मी म्हटलं, मी तत्त्वाबद्दल बोलते आहे, व्यक्तीबद्दल नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला असाच वाद घालायला शिकवायच्या. तिथे मला डिबेटची ढाल मिळाली होती. इथे अर्धं भरलेलं ताट मिळालं.

ह्यांनी मान खाली घालून आमटी वाढून घेतली. सदतीस वर्षांचा अनुभव आहे ह्यांचा.

ठरवलं: मी आधी फोन करणार नाही. दोन दिवसांत तिचाच येईल.

८ जानेवारी, बुधवार. सकाळी ७.४०

आला नाही. बिझी असेल.

संकल्प: यापुढे आरोप पुराव्यानिशी. कपाटातून शाळेची लाकडी फूटपट्टी काढली. तीस वर्षं भूगोल शिकवला, हिनेच नकाशावरच्या नद्या मोजल्या. आता पक्षपात मोजेल. वहीत दोन रकाने आखले. डाव्यांच्या बाजूचा मजकूर लाल पेन्सिलीने, आपला निळ्याने. सेंटिमीटरमध्ये. विज्ञानापुढे कुणाचं काही चालत नाही.

पहिला दिवस: लाल ६१, निळा ९. वर विशेषणं वेगळी मोजली. आपल्या लोकांना 'कडवे' सात वेळा. त्यांच्या लोकांना एकदाही नाही, जणू ते सगळे साखरेच्या पाकातून काढलेले. आपले निवडून आले की मतदार 'भरकटले', त्यांचे आले की 'जागे झाले'. मतदार तेच, झोपही तीच.

ह्यांनी विचारलं, हवामानाचा अंदाज कुठल्या रकान्यात. मी दुर्लक्ष केलं. (लाल. वादळालाही सरकारच जबाबदार धरलं होतं.)

९ जानेवारी. दुपारी ४

संपादकांना पहिलं पत्र. विषय: बदलती जागतिक मैत्री. मुद्दा असा, की पन्नास वर्षांचा दोस्त टाकून काल भेटलेल्याच्या गळ्यात गळा घालणं हे मुत्सद्देगिरी नव्हे, उथळपणा. आणि उत्तरेकडचा तो मोठा देश व समुद्रापलीकडचा तो दुसरा मोठा देश कधीही एका टेबलाशी बसणार नाहीत. 'कधीही' खाली रेघ.

सही: एक तटस्थ वाचक. नाव देणं बरं दिसत नाही. सिस्टर म्हणायच्या, चांगल्या मुली आपलं नाव मिरवत नाहीत.

जांभळ्या शाईने, पोस्टाने. ई-मेल न वाचता पुसता येतं. कागद निदान टरकावावा तरी लागतो.

१५ जानेवारी, बुधवार. सकाळी ८

बुधवारी पान पाचवर वाचकांची पत्रं असतात. चार पत्रं वरपासून खालपर्यंत वाचली. माझं नाही. लाल ५४, निळा ०.

खालचा कोपरा वाचायला मिळत नाही. हे सहा वाजता उठून पान सहावरचं शब्दकोडं ब्लेड आणि स्टीलपट्टीने कापून फाइलला लावतात. ड्राफ्ट्समन होते, निवृत्तीनंतरही हात शिवशिवतात. लेक वेगळी राहायला गेल्यानंतरचं हे खूळ. त्यामुळे आमचा पेपर वर्षानुवर्षं खिडकीसकट येतो. पान पाचच्या बाजूने तिथे जाहिरात असते. पेपराचे कोपरे त्यासाठीच असतात.

पत्र दाबलं गेलं. अपेक्षितच. दुसरं आजच टाकते.

१९ जानेवारी, रविवार

लेक आली नाही. लिंबाचा केक केला होता. तिच्यासाठी नाही, लिंबं संपवायची होती. त्यासाठी दोन लिंबं विकत आणावी लागली.

२९ जानेवारी, बुधवार. सकाळी ८.१५

तीन पत्रं पाठवली, छापलेली शून्य. आता ही चूक म्हणता येणार नाही. हा कट आहे.

लेकीला माझं अक्षर ओळखू येतं. तिच्या शाळेच्या प्रत्येक डब्यात मी जांभळ्या शाईची चिठ्ठी घालायचे. म्हणजे माझी पत्रं तिच्या डोळ्यांसमोर कचऱ्याच्या टोपलीत जात असणार, आणि ती गप्प बसत असणार. किंवा टाकणारी तीच.

हे लिहायला नको होतं. पण खोडलं तर वही घाण दिसते.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७.३०

पान एकवर फोटो. उत्तरेकडचा मोठा देश आणि समुद्रापलीकडचा मोठा देश एका टेबलाशी बसलेत. मध्ये फुलं.

माझ्या पत्राची कच्ची प्रत काढून पाहिली. बारकाईने वाचलं तर मी 'मनाने' बसणार नाहीत असं सुचवलं होतं. फोटोतही त्यांची मनं कुठे दिसतात?

उंच स्टुलावर चढून जुना पृथ्वीगोल पुसला. त्यावर चार देश असे आहेत जे आता नाहीत. पाचव्याची राजधानी बदलली. लेक सात वर्षांची असताना ह्याच गोलावर बोट ठेवून डोळे मिटायची, मी गोल फिरवायचे, आणि बोट थांबेल त्या देशात आम्ही दोघी सुट्टीला जायचो. बहुतेक वेळा समुद्रातच थांबायचं. मग बोटीने जायचो.

डाव्यांना हे कळणार नाही. पूर्वी जगाला एक चौकट होती. मित्र कोण, शत्रू कोण, जेवायला किती वाजता बसायचं, सगळं ठरलेलं.

२७ फेब्रुवारी. सायंकाळी ५

खालच्या मजल्यावरच्या वहिनी चहाला. त्यांच्याकडेही तोच पेपर. म्हणाल्या, पत्रांच्या पानावर कुणीतरी एक जण दर आठवड्याला लिहितो, इतकं एकतर्फी की वाचवत नाही, नक्की संपादकाच्या घरातला माणूस असणार. मी म्हटलं, बघा, अशांना जागा मिळते आणि इथे तटस्थ माणसाचं पत्र टोपलीत. वहिनींनी मान हलवली. वहिनी राजकारणात डाव्या आहेत, पण आज सत्य त्यांनाही दिसलं.

६ मार्च. दुपारी १२

वाचनालयाचे सेक्रेटरी भेटले. २९ तारखेला वार्षिक मेळावा. विषय 'वृत्तपत्रं आणि बदलतं जग'. पाहुणे: आमच्या पेपरचे संपादक स्वतः. सभासदांपैकी एकाला दहा मिनिटं बोलायचंय. कुणी तयार नाही म्हणाले. मी 'विचार करते' हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत हो म्हटलं.

देव वाट दाखवतो. सिस्टर नेहमी म्हणायच्या.

१८ मार्च

भाषण बावीस पानं झालं. ह्यांच्यासमोर वाचून दाखवलं. ह्यांनी घड्याळ पाहिलं, मग विचारलं, हे सगळं तिच्यासमोर वाचणार का. मी म्हटलं, तत्त्वासमोर आई-मुलगी नसते. ह्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

उत्तरेकडच्या देशाने काल पुन्हा करार मोडला. पान चार ते सात नव्याने लिहायला हवीत. ह्या लोकांना माझ्या भाषणापर्यंत तरी एका मतावर राहता येत नाही का?

२७ मार्च, गुरुवार. दुपारी २

अकरा आठवडे, अकरा पत्रं, छापलेली शून्य. भाषण अकरा पानांवर आणलं. शेवट असा: मी उभी राहून सांगणार, ती तटस्थ वाचक मीच. मग शांतता. मग टाळ्या.

ह्यांनी परस्पर लेकीला सांगितलं असावं, कारण तिचा फोन आला. जानेवारीनंतर पहिला. पहिल्याच घंटेला उचलला, पण तो शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. ती म्हणाली, संपादकांबरोबर तीही येणार आहे. आई, तुला हवं ते बोल, आम्हाला झोड, पण पत्रं तू लिहिलीस हे तेवढं सांगू नकोस, माझ्यासाठी. मी कारण विचारलं. तिकडे कुणीतरी आलं असावं, तिने फोन ठेवला.

म्हणजे घाबरली. दडपशाही आता घराच्या फोनपर्यंत पोहोचली. सांगणारच.

तिने मला 'आई' म्हटलं तेव्हाचा आवाज घसा बसल्यासारखा होता. काढा पिते की नाही कोण जाणे.

२९ मार्च, शनिवार. सकाळी ९

निळी साडी. निळा आपला रंग. फूटपट्टी पर्समध्ये मावत नाही, हातात धरणार.

तीच तारीख. सायंकाळी ७.३०

थोडक्यात लिहिते.

वाचनालयाचा हॉल, साठ खुर्च्या, पंचवीस माणसं. लेक तिसऱ्या रांगेत. वाळली आहे. माझ्या फूटपट्टीकडे पाहिलं आणि खाली पाहिलं.

संपादक आधी बोलले. सभ्य निघाले. म्हणाले, आमच्यावर एकांगीपणाचा आरोप होतो, थोडा खरा आहे, विशेषणांच्या बाबतीत आम्ही आळशी आहोत. (माझं पान दोन गेलं.) पण उलट मताला जागा नाही हे खरं नाही. 'एक तटस्थ वाचक' या नावाने जांभळ्या शाईत पत्रं येतात. मला त्यातलं एकही पटत नाही. अकरापैकी नऊ छापली. इतकी जागा आजवर कुठल्याच वाचकाला मिळालेली नाही, आणि तीही दर वेळी त्याच कोपऱ्यात, कोड्याच्या बरोब्बर मागे, म्हणजे हमखास लक्ष जाईल. मी आमच्या उपसंपादकांना बोललोसुद्धा, तुम्ही ह्या माणसाला झुकतं माप देता, ओळखीचा आहे की काय. त्या म्हणाल्या, ओळखीचं कोण ते सोडा सर, पण शेवटपर्यंत वाचलं तर त्याचं चुकत नाही, फक्त ओरडतो.

लोक हसले. तिसऱ्या रांगेतली लेक हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

आणि मला आमच्या सकाळच्या पेपरातली ती चौकोनी खिडकी दिसली.

मग सेक्रेटरींनी माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. अकरा पानं हातात. संपादक माझ्याकडे पाहून आदराने हसत होते. मी तोंड उघडलं असतं तर तिची नोकरी त्या दहा मिनिटांत गेली असती. सगळ्या पेपरात सिद्ध झालेला पक्षपात एकच, आणि तो माझ्या बाजूने.

मी म्हटलं, मी भूगोलाची शिक्षिका, मला एवढंच सांगायचंय की नकाशे बदलतात, जुना पृथ्वीगोल मात्र फेकवत नाही. मग बसले. एकूण वेळ चाळीस सेकंद. टाळ्या पडल्या. सेक्रेटरी म्हणाले, अत्यंत मार्मिक.

ही माघार नव्हती. डावपेच होता.

३० मार्च, रविवार. सकाळी १०

ह्यांची फाइल काढली. कोडी उलटी केली. पंधरा जानेवारी: 'एक तटस्थ वाचक'. बावीस जानेवारी: 'एक तटस्थ वाचक'. नऊ. कडा इतक्या सुबक कापलेल्या की एक अक्षर तुटलेलं नाही. ह्यांचं ब्लेड आहे.

तिने प्रत्येकातून विशेषणं काढली आहेत. 'उथळ', 'विकाऊ', 'निर्लज्ज', सगळी. काढल्यावर माझं म्हणणं जास्त पटतं. हे कुणाला सांगणार नाही. 'कधीही' रेघेसकट काढून तिने 'सहजासहजी' केलंय. म्हणजे माझा अंदाज छापून तरी खोटा ठरला नाही.

ह्यांना विचारलं, इतक्या वर्षांत एकदाही उलटून पाहावंसं वाटलं नाही? म्हणाले, कोड्याच्या मागे काय आहे ते पाहायची सवय नाही. मी रागावणार होते. मग वाटलं, मलाही कुठे होती.

फूटपट्टीने मोजली. निळा: ९९ सेंमी. वहीत लिहिलं. सगळ्या रकान्यांची नव्याने बेरीज करावी लागेल.

तीच तारीख. ११.२०

मी फोन केला. आधी मी. वहीत नोंद 'शिष्टाई' म्हणून.

आधी घशाचं विचारलं. मग खिडकीचं सांगितलं. मला वाटलं, हसेल ती. मग म्हणाली, "मला वाटायचं, आज छापून आलं, आज तू फोन करशील. दर बुधवारी डेस्कवर फोन जवळ ओढून बसायचे मी."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. डिबेटची ढाल मिळवलेली बाई.

शेवटी म्हटलं, यापुढे मी तुझ्या पेपरला पत्र पाठवणार नाही, तुला त्रास नको. ती म्हणाली, "पाठव ना, पण नाव घाल. म्हणजे मला ते दुसऱ्या कुणाकडे निवडायला देता येईल." बरोबर आहे. पण दुसरा कुणी निवडणार म्हणजे छापून येणार नाही, हे आम्हा दोघींना कळलं.

पुढच्या रविवारी येते म्हणाली. लिंबं आणायला हवीत.

२ एप्रिल, बुधवार. सकाळी ७

हे आज कोडं न कापता पेपरातच सोडवत बसले होते, पेन्सिलीने, माझ्याकडे न बघता. संपल्यावर पेपर माझ्यासमोर ठेवला. पहिल्यांदाच अख्खा.

पान पाच उघडलं. चष्मा लावला. खालच्या कोपऱ्यात गादीची जाहिरात होती.

फूटपट्टी लावली. अकरा सेंटिमीटर. लाल धरावी की निळी, ठरेना. पेन्सिली तशाच ठेवल्या.