शेळीने मान डोलावली

बाबांना अथेन्सहून नाउसोनचा नमस्कार.

मी मजेत आहे. मुकादम बडबडतो फार, पण जेवायला वेळेवर सोडतो. खोकला गेला. आईने दिलेला मध पुरवून खातोय. तुमचा गुडघा कसा आहे?

काल देवळाचा नवा खांब उभा राहिला म्हणून देवाला शेळीचा बळी दिला. रीतीप्रमाणे पुजाऱ्याने तिच्या डोक्यावर पाणी शिंपडलं, तिने मान डोलावली आणि सगळे ओरडले, "राजी आहे!"

माझ्या शेजारी दगड घडवणारा म्हातारा स्मिकोन म्हणाला, "अहो पुजारीबुवा, डोक्यावर गार पाणी पडलं तर मीसुद्धा डोलावीन. त्याला होकार म्हणायचं?"

"देवाची चेष्टा करतोस?"

"चेष्टा कसली? देवाला तिचा होकार खरंच हवा असेल, तर एकदा पाण्याशिवाय विचारा की!"

पुजाऱ्याने लाल होऊन सुरी चालवली. मटण मात्र सगळ्यांनी खाल्लं, स्मिकोनने तर दोनदा मागून घेतलं. खाताखाता मला तुमचं पत्र आठवलं. त्या विधुर तिमोलासचं स्थळ सांगितल्यावर आपल्या मिर्टालेने मान डोलावली, असं तुम्ही लिहिलंय.

तेव्हा तुम्ही तिच्यासमोर काठी घेऊन उभे होतात ना? काठी गुडघ्यासाठी असते, हे मला ठाऊक आहे. तिलाही आहे. तरीपण बाबा, रागावू नका, एकदा काठी कोपऱ्यात ठेवा, तिच्याशेजारी बसा आणि पुन्हा विचारा. या खेपेला मान डोलावलेली धरू नका, ती तोंडाने काय म्हणते ते ऐका.

आईला आणि मिर्टालेला माझी आठवण सांगा.

तुमचाच,
नाउसोन