मेण, धूर आणि एव्हांथियाचं नाक

४ मार्च

घरी ओतलेली पॅराफिनची मेणबत्ती पास. म्हणजे वासाच्या बाबतीत. पेटवायचा अवकाश, संत्र्याच्या मोहराचा वास जिन्यापर्यंत. छतावर काजळीचा डागही तेवढ्याच तत्परतेने. एव्हांथियाने ज्योतीपाशी नाक नेलं. बराच वेळ वाकून होती. मग म्हणाली, "ऊब लागते."

जानेवारीतल्या तापाने तिची वासाची जाण नेली, ती अजून परत आणलेली नाही.

७ मार्च

डॉक्टर म्हणतात, ओळखीचे वास रोज हुंगवा, नाक सुधारेलही. सुधारेलही! उभा जन्म बोटीवर इंजिनं सांभाळली. "चालू होईलही" असं सांगितलं असतं तर कप्तानाने मलाच समुद्रात टाकलं असतं.

मोहर मुद्दाम निवडलाय. आमच्या लग्नात तिच्या मुकुटात तीच फुलं होती. तिला सांगितलेलं नाही.

१२ मार्च

सोयाचं मेण आलं. लोण्यासारखं मऊ. धूर नाही, काजळी नाही — आणि वासही नाही. ओतल्यावर ऑलिव्हसारखं मुरत ठेवावं लागतं म्हणे.

मेव्हणी खाली आली. स्तमातिया राहते वरच्या मजल्यावर, पण नांदते आमच्या. "सोया म्हणजे कडधान्यच ना? मग ईस्टरच्या उपवासाला चालेल. संध्याकाळी हेच वाढ."

२० मार्च

घेवडा पार करपला. एव्हांथिया चुलीपाशी पाठमोरी कांदा चिरत उभी होती, तिला पत्ताच नाही. मी अंगणातून धावत आलो. तिने खिडकी उघडली, भांडं भिजत घातलं आणि खुर्चीवर बसली. "हे घर परक्याचं वाटतं मला. तुझ्या सदऱ्यालाही वास नाही."

मी भांडं घासलं.

२४ मार्च

स्वयंपाक आता माझ्याकडे. ती दोन घास खाऊन उठते. स्तमातिया म्हणते, माझ्या हातचं खाऊन कुणीही उठेल. पण एव्हांथियाचे कपडे सैल झालेत. मला भीती वाटते.

३१ मार्च

सोया मुरलं. वास हळू येतो पण खरा — झाडाखाली उभं राहिल्यासारखा. त्यापुढे पॅराफिनचा म्हणजे न्हाव्याचं दुकान.

एव्हांथिया: "काही नाही." मग मला वाईट वाटू नये म्हणून: "दिसते छान."

९ एप्रिल

गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी हातात धरायच्या मेणबत्त्या करायच्यात. तेवढा वेळ वास तिच्या नाकाजवळ राहील, काहीतरी होईल. पॅराफिन ताठ उभं राहतं, पण त्याच्या धुराने ती खोकते. सोया फक्त बरणीत ओता, असं पाकिटावर स्पष्ट लिहिलंय. पाकिटाला काय कळतंय? सोयाच.

स्तमातिया: "देवळात मिळतात की सगळ्यांना. तुझ्या मेणबत्त्यांत काय वेगळं, पांतेलीस?"

"सुवास."

"कुणासाठी?"

बोलून गेली आणि माझ्याबरोबर वाती कापायला बसली. तिला मदत करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

१७ एप्रिल

मेणबत्त्या जरा वाकल्यात. फ्रीजमध्ये ठेवल्या, सणाच्या लाल अंड्यांशेजारी. स्तमातियाने उद्यासाठी केस उंच बांधून आणलेत, वर फवारा मारून. वादळातही हलणार नाहीत म्हणते.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

ख्रिस्ताची फुलांनी मढवलेली तिरडी पुढे, मागे सगळं गाव. आमच्यात एव्हांथिया पुढे, तिच्यामागे स्तमातिया, शेवटी मी. माझं लक्ष एव्हांथियाच्या पाठीवर — आता मान वळवेल, आता काही म्हणेल. हाताच्या उबेने माझी मेणबत्ती कधी वाकली, मला कळलं नाही.

एव्हांथिया थबकली. मागे न बघता म्हणाली, "कुणाचे तरी केस जळतायत."

स्तमातियाचे. मी टोपीने विझवले. लोक आम्हाला वळसा घालून पुढे गेले. एव्हांथियाने बहिणीचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हुंगत राहिली. पुन्हा पुन्हा. स्तमातिया मान खाली घालून उभी राहिली, हलली नाही.

मग स्तमातियाच म्हणाली, "पांतेलीस, लागले तर उरलेलेही जाळ."