बदल्यात आलेली पुस्तकं

आप्पा, काल शाळेत एका मुलीनं विचारलं, "बाई, प्रार्थना आपल्याच शब्दांत केली तर चालतंय काय?" आणि तुमची फार आठवण आली.

मिशनच्या पुस्तकांची झोळी घेऊन तुम्ही निपाणीपासून खानापुरापर्यंतचे बाजार गाठायचात. विकत घेणं कुणाला जमत नसेल तर त्याचं जुनं पुस्तक घेऊन आपलं द्यायचात. बदल्यात आलेली पुस्तकं साहेबाच्या स्वाधीन करायची, असा नियम होता. तुम्ही ती आधी घरी आणायचात आणि मग साहेबाला द्यायला हटकून विसरायचात. "वाच गं पोरी. आपला देव काय कागदाला भितोय व्हय?"

ख्रिस्ती मंडळीची सभासद होण्याआधीच्या वर्षात मी अशी तीन पुस्तकं वाचली. पहिलं ग्रहताऱ्यांचं, पुठ्ठा गेलेलं. एवढ्या पसाऱ्यात माझं कोण ऐकणार, म्हणून मी चार दिवस प्रार्थनाच केली नाही. तुम्ही रागावला नाहीत. "ऐकतंय का न्हाय ते मागनं बघू, तू बोलायचं सोडू नगंस," एवढंच म्हणालात. दुसरं विधवांच्या हालांविषयी होतं. तोवर शेजारच्या विधवा आक्कांना बाप्तिस्मा कधी देता येईल एवढंच माझ्या डोक्यात असायचं. ते वाचल्यावर नुसती त्यांच्याजवळ जाऊन बसू लागले. तिसरी, शहापूरच्या विणकराघरची हातानं लिहिलेली ओव्यांची वही. "ही आत्ता नगं, आधी सभासद हो," म्हणत तुम्ही ती पेटीत ठेवलीत. तुम्ही बाजाराला गेल्यावर मी ती काढली आणि पाठच केली.

सभासद होताना देवळात मंडळीच्या पंचांपुढं उभं राहून प्रार्थना करायची आपली रीत. त्याशिवाय बेळगावला मास्तरीण व्हायच्या शाळेत जागा मिळणार नव्हती. मी डोळे मिटते आणि तोंडातून निघतं, "देवा, तू माझ्या माहेरचा, उंबऱ्यात थांबू नकोस." मंडळीचे पाळक ती ओवी लगेच ओळखतात, त्यांच्याही आईनं जात्यावर असंच काही म्हटलं असणार. "हे कुणी शिकवलं?" मी गप्प. मागून तुम्ही उठता. "वही मी दिली तिला. पोरीचा काय बी दोष न्हाय."

मला शाळेत जागा मिळाली. मिशननं तुमची झोळी काढून घेतली आणि तुम्ही तंबाखूच्या वखारीत कामाला लागलात. जन्मात खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी देवळात उभा राहून खोटं बोलला आणि नंतर घरी त्याचा एका शब्दानं उच्चार केला नाही. तुमच्याइतका मोठ्या मनाचा माणूस मी पुढं पाहिला नाही.

हे पत्र कुठल्या टपालात पडणार नाही, म्हणूनच धीर होतो आहे. त्या दिवशी भीतीनं माझी वाचा बसली, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. आप्पा, वाचा बसली नव्हती. खरं उत्तर ओठांवर आलं होतं. मला ती जागा हवी होती.