आडाचं पाणी आणि चायना ग्रास

भिंगार, १२ मे १९४३

प्रिय शहजादीआपा,

पत्र हाती पडताच रांजण उपडा कर. आडाचं पाणी तुझ्या लेकीच्या, मेहताबच्या ओठाला लावू नकोस. आधी एवढं कर, मग पुढचं वाच. घाईत लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

ईदला तू समुद्री शेवाळाचे ते पांढरे धागे शिजवून चायना ग्रासच्या वड्या करायचीस, आठवतं? धागे कमी पडले की साखरेचा पाक वाढवायचीस, आणि वड्या उलट आणखी घट्ट व्हायच्या. बोटानं दाबल्या तरी पुन्हा वर यायच्या. मी अर्ध्या वड्या चुलीपाशीच फस्त करायचो. इथं लष्करी दवाखान्यात पाणी तपासायलाही तेच धागे लागतात. ते शिजवून बशीत थिजवायचे, वर पाण्याचा थेंब फासायचा. पाण्यात रोगाचे जंतू असले तर दोन दिवसांत ठिपके उगवतात. जपानशी लढाई लागली आणि तिथून धाग्यांचा माल यायचा थांबला. मग मी तुझीच युक्ती वापरली. धागे निम्मे, पाणी कमी आणि पाकाऐवजी ग्लिसरीन. बशी अशी सुरेख बसली की साहेबांनी पाठ थोपटली. मी लई शहाणा!

तुमच्या गावाजवळ पलटणीचा तळ पडणार, म्हणून पटकीनंतर बंद ठेवलेल्या आडाचं पाणी आमच्याकडे तपासायला आलं. माझ्या बशीवर एकही ठिपका नाही. 'पाणी स्वच्छ' ही चिठ्ठी मीच लिहिली. आड उघडताना गहिनीनाथ पाटील म्हणाले, "आपल्या जैनूनं तपासलंय, आता भ्यायचं कारन न्हाई," असं तू कळवलंस. ते वाचून मी दिवसभर छाती फुगवून हिंडलो.

परवा सहज इथल्या गटाराचं पाणी तशाच बशीवर फासलं. आज पाहिलं, तर बशी कोरी. आपा, गटाराचं पाणी कधी स्वच्छ असतं का? मुरंबा वर्षभर का टिकतो, हे तूच मला शिकवलं होतंस. पाकात काही वाढत नाही, आणि ग्लिसरीन पाकाचंच भावंड. त्या बशीवर पटकीसुद्धा उगवली नसती.

साहेबांना अजून सांगितलेलं नाही. नोकरी जाईल, लढाईच्या दिवसांत कदाचित तुरुंगही. मला फार भीती वाटते. फक्त तुला गुपचूप कळवावं, असं सकाळी मनात आलं होतं. त्याची लाज वाटते. त्या आडावर साठ घरं पाणी भरतात. म्हणून आमच्या दवाखान्यातला बन्सी मोटारीनं हे घेऊन येतोय. पत्र पेटीत ठेवू नकोस. पाटलांना दे आणि चावडीवर मोठ्यानं वाचायला सांग, माझ्या नावासकट. मी साहेबांच्या खोलीकडे निघालो. मेहताब बरी आहे, एवढा निरोप बन्सीजवळ दे.

तुझाच, घाबरलेला
जैनुद्दीन